किल्लारीचा काळा दगड, खाडीचा काळा गाळ

३३८ मीटर. किल्लारीच्या जमिनीखाली काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची, जाडी एवढी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी इथली जमीन हादरली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. जमिनीच्या पोटात काय आहे हे पाहण्यासाठी पुढे शास्त्रज्ञांनी किल्लारीत ६१७ मीटर खोल बोअर घेतले. त्यात वर ३३८ मीटर बेसॉल्ट लागला, त्याखाली ८ मीटर जुना गाळ आणि त्याच्याही खाली अतिप्राचीन खडक. भूकंपाच्या अभ्यासासाठी काढलेला हा आकडा समुद्रतळाच्या गाळातल्या जड धातूंचा हिशेब मांडतानाही तितकाच कामाला येतो.

किल्लारीहून समुद्र लांब आहे. कोकणचा किनारा सरळ रेषेत साडेतीनशेहून अधिक किलोमीटरवर. पण इथली माती कोकणाकडे जात नाही. ती तेरणेला मिळते, तेरणा मांजरेला, मांजरा ७२४ किलोमीटर वाहून गोदावरीला आणि गोदावरी काकिनाड्याच्या बाजूला बंगालच्या उपसागराला. गोदावरीच्या ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटर खोऱ्यापैकी निम्म्याच्या आसपास भाग दख्खनच्या बेसॉल्टचा आहे. म्हणजे तिच्या मुखाशी साचलेल्या गाळात मराठवाड्याचा दगड भरपूर आहे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून उल्हास नदी मुंबईजवळच्या खाड्यांत जो गाळ नेते, त्याचा दगडही हाच.

या दगडात तांबे साधारण १०० ते २०० पीपीएमच्या घरात असते. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. एक टन मातीत एक ग्रॅम. निकेल ५० ते १००च्या आसपास आणि लोह तर ९ ते १० टक्के. पृथ्वीच्या वरच्या कवचाची सरासरी तांब्यासाठी २८ आणि निकेलसाठी ४७ पीपीएम धरतात. तांब्याच्या बाबतीत आपला दगड जागतिक सरासरीच्या साडेतीन ते सातपट श्रीमंत आहे, आणि यात कुठल्याही कारखान्याचा हात नाही.

आता समुद्रतळाच्या गाळासाठी जगभर सर्वाधिक वापरले जाणारे धोक्याचे आकडे पाहू. १९९५ मध्ये अमेरिकेत लाँग आणि सहकाऱ्यांनी गाळातल्या जीवांवरील परिणामांची शेकडो निरीक्षणे एकत्र करून प्रत्येक धातूसाठी दोन रेषा आखल्या. खालच्या रेषेखाली अपाय क्वचित, वरच्या रेषेपुढे अपाय वारंवार. तांब्यासाठी या रेषा ३४ आणि २७० पीपीएम आहेत, निकेलसाठी २०.९ आणि ५१.६, शिशासाठी ४६.७ आणि २१८, पाऱ्यासाठी ०.१५ आणि ०.७१. याचा अर्थ असा की किल्लारीचा दगड दळून तसाच समुद्रात टाकला, तर तो तांब्याची खालची रेषा ओलांडेल आणि निकेलची बहुधा वरचीसुद्धा. माणसाने काहीही न करता.

ही गंमत म्हणून सोडून देण्यासारखी बाब नाही. खाडीत नवे बंदर, नवा पूल किंवा नवा कारखाना येतो तेव्हा पर्यावरण अहवालात गाळाचे असेच आकडे छापले जातात आणि त्यांवर निर्णय होतात. १९६९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ म्युलर यांनी सुचवलेला एक निर्देशांक अशा अहवालांत हमखास सापडतो. मोजलेल्या आकड्याला मूळ, नैसर्गिक आकड्याच्या दीडपटीने भागायचे आणि उत्तराचा २ पायाचा लॉगॅरिथम घ्यायचा. उत्तर शून्याखाली आले तर गाळ स्वच्छ. ० ते १ म्हणजे किंचित प्रदूषित. १ ते २ म्हणजे मध्यम प्रदूषित. समजा एका खाडीच्या गाळात १२० पीपीएम तांबे आहे. मूळ आकडा म्हणून कवचाची सरासरी २८ धरली तर उत्तर येते १.५१, म्हणजे मध्यम प्रदूषण. शेल खडकाची प्रचलित सरासरी ४५ धरली तर ०.८३, म्हणजे किंचित प्रदूषण. आणि त्या खोऱ्यातल्या बेसॉल्टचे १२० धरले तर उणे ०.५८. गाळ स्वच्छ! गाळ एकच, प्रयोगशाळा एकच, निकाल तीन. फरक फक्त मूळ आकडा कोणी कुठून उचलला याचा. बेसॉल्टच्या प्रदेशात परदेशी सरासरी लावून काढलेला तांब्या-निकेलचा निर्देशांक मी तरी निकाल म्हणून मानणार नाही.

पारा आणि शिसे यांची गोष्ट उलटी. बेसॉल्टमध्ये शिसे थोडे आणि पारा नगण्य असतो. त्यामुळे आपल्या खाडीच्या गाळात पारा ०.७१च्या पुढे गेला, तर त्याचा दोष सह्याद्रीच्या माथी मारता येत नाही. तो माणसाने आणलेला असतो. म्हणजे अहवालात तांब्याचा १२० हा मोठा दिसणारा आकडा निरुपद्रवी असू शकतो आणि पाऱ्याचा १ हा चिमुकला आकडा गंभीर.

एकूण किती आणि सुटे किती

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला यातली पुढची पायरी समजावून सांगावी लागत नाही. त्याच्या काळ्या जमिनीत लोह काही टक्के, म्हणजे दहा हजार पीपीएमच्या पुढे असते. तरी चुनखडीच्या रानात सोयाबीनची, भुईमुगाची कोवळी पाने पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात, आणि कृषी सहायक सांगतो, ‘लोहाची कमतरता आहे.’ जमीन आरोग्य पत्रिकेवर जो लोहाचा आकडा असतो तो एकूण लोहाचा नसतो, पिकाला उचलता येईल अशा लोहाचा असतो. त्याची सीमा ४.५ पीपीएम, जस्ताची ०.६. मातीत ७ टक्के लोह असेल तर एकूण ७०,००० पीपीएम झाले, आणि पिकाचे भवितव्य ठरते त्यातल्या साडेचारावर. बाकी सगळे खनिजांत बंद.

शेतीत ही मोजणी कित्येक वर्षांपासून रुळली आहे. समुद्राच्या गाळासाठी मात्र आपण अजून बहुतेक वेळा एकूण धातूच मोजतो. गाळातल्या जिवाणूला एकूण धातूशी देणेघेणे नसते. दगडाच्या कणात अडकलेले तांबे त्याच्यापर्यंत पोचत नाही. दाण्यांमधल्या पाण्यात विरघळलेले तांबे पोचते.

आणि हे जिवाणू थोडेथोडके नाहीत. किनाऱ्याजवळच्या एका घनसेंटिमीटर चिखलात त्यांची संख्या अब्जाच्या घरात जाते. तेवढ्याच समुद्राच्या पाण्यात ती साधारण दहा लाख असते. चिखलात प्राणवायू वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच उतरतो. त्याखाली प्राणवायूवाचून जगणाऱ्यांचे राज्य सुरू होते. नायट्रेट, मँगनीज, लोह आणि सरतेशेवटी सल्फेट, या क्रमाने ते श्वासाची सोय करतात. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते, न संपणारा साठा. त्यामुळे किनारी गाळात कुजणाऱ्या एकूण सेंद्रिय पदार्थांपैकी निम्म्याच्या आसपास भाग एकटे सल्फेटवाले जिवाणू संपवतात, असा हिशेब डेन्मार्कच्या योर्गनसेन यांनी १९८२ मध्ये मांडला. खाडीच्या चिखलाला येणारा सडक्या अंड्याचा वास याच कामाचा. तो हायड्रोजन सल्फाइडचा.

हेच सल्फाइड धातूंना पकडते. तांबे, जस्त, शिसे, कॅडमियम यांची सल्फाइडे पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. १९९०च्या सुमारास अमेरिकेत दी तोरो आणि सहकाऱ्यांनी यावरून साधी कसोटी दिली: सौम्य आम्लात सुटणाऱ्या धातूंची मोलसंख्या (म्हणजे कणांची गणती) त्याच आम्लात सुटणाऱ्या सल्फाइडपेक्षा कमी असेल, तर त्या धातूंपासून विषबाधेची भीती नाही. आकड्यात पाहा. समजा एक ग्रॅम कोरड्या गाळात २० मायक्रोमोल सल्फाइड आहे. तांब्याची धोक्याची वरची रेषा, २७० पीपीएम, म्हणजे ग्रॅममागे केवळ ४.२५ मायक्रोमोल. ते सगळेच्या सगळे तांबे सुटे असले तरी उपलब्ध सल्फाइडच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यात ते अडकून पडेल. म्हणजे धातूंपासून इतर जीवांना वाचवणारी भिंत जिवाणूंनीच बांधलेली असते.

ती भिंत टिकते प्राणवायू नाही तोवर. जहाजांच्या वाटेसाठी गाळ उपसला, उपसलेला गाळ दुसरीकडे नेऊन ओतला, की सल्फाइडला प्राणवायू लागतो, त्याचे पुन्हा सल्फेट होते आणि पकडलेला धातू सुटू लागतो. एकूण धातूचा आकडा उपशाच्या आधी जितका होता तितकाच नंतरही राहतो. अहवाल बदलत नाही, पाणी बदलते.

पारा मात्र वेगळा

सल्फाइडची भिंत पाऱ्यालाही पकडते. पण ज्या जिवाणूंनी ती बांधली, त्यांच्यातलेच काही पाऱ्याला एक कार्बनचा गट जोडून मिथिलमर्क्युरी बनवतात. सल्फेटवाले जिवाणू हे काम मुख्यतः करतात हे अमेरिकेतल्या कॉम्पो आणि बार्था यांनी १९८५ मध्ये दाखवले. त्यासाठी लागणारी दोन जनुके, एचजीसीए आणि एचजीसीबी, २०१३ मध्ये सापडली. गाळातल्या एकूण पाऱ्यापैकी मिथिलमर्क्युरी बहुधा एका टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. मात्र ती अन्नसाखळीत चढत जाते, आणि मोठ्या मासेखाऊ माशात तिचे प्रमाण पाण्यातल्यापेक्षा लाखो पट होते.

माणसाच्या ताटापर्यंतचा हिशेबही करता येतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने आठवड्याची सहन होणारी मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम ठरवली आहे. ६० किलो वजनाच्या माणसाला ती पडते ९६ मायक्रोग्रॅम. माशात ०.५ पीपीएम मिथिलमर्क्युरी असेल तर १९२ ग्रॅम मासा खाल्ला की आठवड्याचा वाटा संपला. कोळीवाड्यातल्या घरात हे एका जेवणाचे माप आहे, आणि गरोदर बाईच्या बाबतीत त्याचा भार पोटातल्या बाळाच्या मेंदूवर पडतो.

जपानमधल्या मिनामाता गावातल्या पाऱ्याच्या विषबाधेचे उदाहरण इथे सगळे देतात; पण एक तपशील बहुतेकदा गळतो. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून १९३२ ते १९६८ या काळात जे विष खाडीत गेले, त्यातली मिथिलमर्क्युरी मुख्यतः कारखान्याच्या यंत्रांतच तयार होत होती. गाळातल्या जिवाणूंवर तिचा ठपका ठेवता येत नाही. गाळापुरते बोलायचे तर १९७७ ते १९९० या काळात २५ पीपीएमच्या वर पारा असलेला सुमारे १५ लाख घनमीटर गाळ जपानने उपसून, अडवून बंद केला आणि त्या भरावातून ५८ हेक्टर जमीन तयार झाली. कारखान्यातली ती प्रक्रिया थांबल्यावर नऊ वर्षांनी साफसफाई सुरू झाली, आणि तिला आणखी तेरा वर्षे लागली.

आपल्याकडे पाऱ्याचा मोठा औद्योगिक वापर होता कॉस्टिक सोडा आणि क्लोरीनच्या कारखान्यांत. मिठाच्या पाण्यातून वीज सोडताना पारा विद्युतअग्र म्हणून वापरला जाई. उल्हास खाडीच्या गाळात अशा कारखान्यांचा पारा किती साचला आहे याचा राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबईतल्या शास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाऱ्याचे विद्युतअग्र वापरण्याची ती पद्धत आता मागे पडली. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार ऑगस्ट २०१७ मध्ये लागू झाला आणि भारताने जून २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. आधी साचलेला गाळ मात्र कराराने आपोआप साफ होत नाही. जे साचले ते साचलेलेच आहे.

जिवाणू काय करतात

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्याच गोव्यातल्या दोना पावला इथल्या प्रयोगशाळेत एन. रामय्या आणि सहकाऱ्यांनी भारतीय किनाऱ्यावरचे पाणी आणि गाळ यांतून पाऱ्याला दाद न देणारे जिवाणू वेगळे केले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात ५० पीपीएम पारा असलेल्या पोषणद्रव्यातही वाढणारे जिवाणू नोंदले आहेत. प्रयोगशाळेतल्या पोषणद्रव्यातले ५० आणि गाळातले ५० यांची सरळ तुलना करू नये. पण सहनशक्ती केवढी वाढली आहे याचा अंदाज येतो. या जिवाणूंत सूडोमोनास होते, प्रोटिअस होते, आतड्यातल्या जिवाणूंच्या कुळातलेही होते. ते इतर धातू, कीटकनाशके आणि फिनॉल यांनाही सामान्य जिवाणूंपेक्षा चांगले तोंड देत होते.

माझ्या मते त्या निबंधातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष पुढे आहे. ही प्रतिकारशक्ती, आणि तिच्यासोबत प्रतिजैविकांना दाद न देण्याची शक्तीही, प्लास्मिड या सुट्या वलयांवर नव्हती. ती मुख्य गुणसूत्रावर किंवा एका जागेवरून दुसरीकडे उडी मारणाऱ्या जनुकखंडांवर असल्याचे दिसले. अशा खंडांचा सर्वांत अभ्यासलेला नमुना टीएन२१ नावाचा आहे. सुमारे २०,००० अक्षरांच्या या तुकड्यावर पारा उडवून लावणारी जनुके आणि स्ट्रेप्टोमायसिन व सल्फा औषधांना न जुमानणारी जनुके शेजारी शेजारी बसलेली असतात. खाडीत पारा असला की हा तुकडा बाळगणारा जिवाणू तगतो आणि औषधाचा एक थेंबही नसताना औषधाला न जुमानणाऱ्यांची संख्या वाढते. २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा औषधरोधक जिवाणूंमुळे झाल्याचा अंदाज ‘लॅन्सेट’ने छापला. त्यातले किती गाळातून आले हे कोणी मोजलेले नाही, पण धातूचे प्रदूषण ही फक्त माशांची काळजी राहिली नाही, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

गोव्यातलाच दुसरा अभ्यास मला पद्धत म्हणून आदर्श वाटतो. मांडवीतल्या दिवाडी बेटाच्या खारफुटीजवळून लोहखनिजाच्या बार्ज वर्षानुवर्षे ये-जा करत. शापोरा नदीवरचे तुये त्या मानाने निवांत. शास्त्रज्ञांनी दोन्ही ठिकाणचा १० सेंटिमीटर खोलीपर्यंतचा गाळ काढला. दिवाडीला लोह सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास निघाले, तुयेला ६ टक्क्यांच्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधाचा निष्कर्ष असा की आसपासचे लोहच सल्फेटवाल्या जिवाणूंच्या कामाचा वेग ठरवते. लोहाचा श्वास घेणारे जिवाणू त्याच अन्नातून अधिक ऊर्जा मिळवतात, त्यामुळे लोह मुबलक झाले की सल्फेटवाले मागे पडतात.

या कामातली तुलना परदेशी सरासरीशी नाही. त्याच राज्यातला, तशाच दगडावरचा, तशाच झाडांखालचा गाळ शेजारी ठेवून तुलना केली. तुयेचे ६ टक्केसुद्धा शेलच्या ४.७२ टक्के सरासरीपेक्षा जास्त आहेत; ती सरासरी वापरली असती तर निवांत जागाही दूषित ठरली असती. शिवाय धातू मोजून ते थांबले नाहीत, जिवाणूंच्या कामाचा वेगही मोजला.

कामाचा वेग मोजण्याचे आणखी एक कारण नायट्रोजन. शेतातले खत आणि शहरांचे सांडपाणी यांतले नायट्रेट गाळातले जिवाणू टप्प्याटप्प्याने निरुपद्रवी नायट्रोजन वायूत बदलतात. शेवटच्या टप्प्याआधी नायट्रस ऑक्साइड तयार होतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. त्याला संपवणाऱ्या विकराला तांबे लागतेच; त्याच्या एका जोडरेणूत तांब्याचे १२ अणू असतात. मात्र सुटे तांबे गरजेपलीकडे गेले की हीच साखळी मंदावते आणि अर्धवट राहिलेला वायू साचू लागतो. युरोपातल्या खाड्यांच्या गाळावर हे प्रयोगांनी दिसले आहे. त्यामुळे तांब्याची ‘सुरक्षित’ पातळी एकूण पीपीएममध्ये सांगण्याला फारसा अर्थ उरत नाही.

नद्यांच्या मुखाशी येणाऱ्या गाळाचा आकडाही आता बदलतो आहे. गोदावरी १९७१ ते १९७९ या काळात वर्षाला सरासरी १५ कोटी २ लाख टन गाळ समुद्राला देत होती. १९९० ते १९९८ मध्ये तो ५ कोटी ७२ लाख टनांवर आला. ६२ टक्के घट. तेरणेवर माकणीचे धरण आहे, मांजरेवर धरणे आणि पुढे निजामसागर आहे, गोदावरीवर श्रीरामसागर. किल्लारीच्या शिवारातली माती आता बहुतांशी वाटेतच थांबते. वरून येणारा स्वच्छ दगडी गाळ कमी झाला आणि किनाऱ्यावरच्या कारखान्यांचे व शहरांचे सांडपाणी तेवढेच राहिले, तर त्याच धातूला पातळ करणारा चिखल कमी पडतो. धरणांचा हा परिणाम किनाऱ्याच्या धातू-हिशेबात अजून फार कमी धरला जातो.

आपल्याकडे किनारी पाण्याचे एसडब्ल्यू-१ ते एसडब्ल्यू-५ असे पाच वर्ग आहेत, आणि ते पाण्याचे आहेत. जिवाणू, धातू आणि सल्फाइड यांचा सगळा व्यवहार त्या पाण्याखालच्या चिखलात चालतो. म्हणून महाराष्ट्र आणि गोव्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांकडे माझी मागणी नेमकी आहे. बेसॉल्टच्या आणि जांभ्याच्या खोऱ्यांसाठी मूळ धातूंचे वेगवेगळे तक्ते प्रसिद्ध करा. गाळ उपसण्याची परवानगी देण्यापूर्वी सल्फाइड आणि सुटे धातू यांचे गुणोत्तर मागा. आणि सुरुवात उल्हास व ठाणे खाडीपासून करा: तिथल्या गाळात आणि तिथे पकडलेल्या माशांत एकूण पाऱ्याबरोबर मिथिलमर्क्युरी दरवर्षी मोजा आणि ते आकडे कोळीवाड्यांत मराठीतून लावा.